पाझराचा रंग

दि. ६ सप्टेंबर
प्रशिक्षण केंद्र, खोली क्रमांक अकरा

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचले. वहिनीला नमस्कार सांग आणि चिमणीचा एक पापा घे, दाढी न टोचता.

हल्लीच्या दिवसांत कोण पत्रं लिहितं, असं वहिनी म्हणेल. तिला सांग, फोनवर तू सगळ्याला "हो हो" म्हणतोस आणि ठेवल्यावर तिलाच विचारतोस, "काय म्हणत होती गं?" इतकी वर्षं पंपाच्या इंजिनाशेजारी काढल्यावर कानांनी राजीनामा दिला, त्याला तू तरी काय करणार? पण कागदावरचं तू दोनदा वाचतोस आणि विसरत नाहीस. डेअरीची गाडी रोज सकाळी आमच्या फाटकावरून जाते. ड्रायव्हर भला माणूस आहे, दुसऱ्या दिवशी पत्र तुझ्या हातात देईन म्हणाला. उत्तरही त्याच्याकडेच दे.

इथे आम्ही बावीसजण आहोत. कोणी शेती खात्यातले, कोणी माझ्यासारखे जमीन राखणाऱ्या खात्यातले, दोघं नुसते मोजणीवाले. सहा आठवडे वर्ग, मधूनमधून माळावर फिरणं, शेवटी परीक्षा. परीक्षेआधी प्रत्येकाने स्वतः केलेलं एक चांगलं काम सगळ्यांसमोर मांडायचं आहे. पास झाले की तपासनीस होईन, म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या बांधबंदिस्तीवर बोट ठेवायचा अधिकार. वहिनी म्हणेल, ते तर ही जन्मल्यापासून करते आहे.

माझ्या खोलीत एक रोपवाटिकेवाली आहे. तिने खिडकीत चहाचे रिकामे कप ओळीने मांडून त्यांत बिया पेरल्यात. मला चहा प्यायचा असला तर आधी कपात कोण राहतं ते बघावं लागतं. जेवणघरातल्या भाजीत मीठ नसतं आणि आमटीत दोघांचं असतं, त्यामुळे एकत्र कालवलं की बरोबर होतं.

शिकवायला एक बाई आहेत. ठेंगण्या, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, नखांत कायम माती. कोणी "मला वाटतं" असं म्हणायला लागलं की त्या हात वर करतात. "तुमचं राहू द्या. माती काय म्हणते ते सांगा." काल दुपारी त्यांनी दोन ग्लासांत दोन ढेकळं टाकून दाखवली. त्याचं कधीतरी सविस्तर लिहीन. मला जरा मळमळलं म्हणून मी वर्गातून उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. काही विशेष नाही, प्रवासाचा शीण असेल.

बरं, तुला सहज विचारते. आपला बंधारा किती भरला? पायथ्याशी, तुझ्या घराच्या बाजूला, जमीन ओली लागते का? पाझर असेल तर पाण्याचा रंग कसा आहे? आणि भरावाला माती काढली होती त्या खड्ड्यातली दोन-चार ढेकळं पिशवीत घालून ड्रायव्हरकडे दे. अभ्यासाला लागतात. घाई नाही.

म्हणजे, लवकर दिलीस तर बरं.

तुझी,
धाकटी


दि. ११ सप्टेंबर

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि ढेकळं पोचली. ढेकळं तू जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पाठवलीस, ते बघून रोपवाटिकेवाली हसून हसून खाली बसली. म्हणाली, "तुमच्याकडे माहेरचा आहेर असाच येतो का हो?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बंधाऱ्याचं पोट टम्म भरलंय, सांडव्यावरून पाणी जायला हातभरच राहिलंय, हे तू किती कौतुकाने लिहिलंयस. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतोस, "माझ्या बहिणीचं काम" म्हणतोस, तेही कळलं. असं करू नकोस दादा. काम पंधरा माणसांचं होतं, मी नुसती माती तपासून सही केली.

पायथा ओला आहे आणि तिथे गवत असं दाट आलंय की वहिनी वासराला तिथेच बांधते, असं तू लिहिलंयस. बाकीचा माळ पिवळा असताना तेवढाच पट्टा हिरवा, म्हणजे पाणी आतून येतंय. पण पुढच्याच ओळीत पाझराचं पाणी नितळ आहे, ओंजळीत घेतलं तर रेघा दिसतात असं आहे, तेव्हा जरा श्वास आला. थोडं पाझरणं वाईट नसतं. मातीचा बंधारा थोडा पाझरतोच. नितळ आहे तोवर ठीक आहे.

माझं एक काम कर. वहिनीची पांढरी वाटी घे आणि रोज सकाळी त्या पाझराचं पाणी वाटीत घेऊन बघ. तळ स्पष्ट दिसतो का, एवढंच. पायथ्यापाशी कुठे बीळ, भोक, खचलेली माती दिसते का तेही बघ. खात्याला अशी नोंद लागते.

आणि दुसरं. पायथ्याच्या नव्या खोलीत झोपू नका. बाईंनी सांगितलंय की नव्या सिमेंटच्या भिंतीत पावसाळ्यात ओल धरते, लहान मुलांच्या छातीला ते वाईट. चिमणीला तशीही सर्दी असते. महिनाभर वरच्या शाळेजवळ वहिनीच्या मावशीकडे राहायला जा ना. तिचीही सोबत होईल.

इथे पाऊस आहे. वर्गाला पत्र्याचं छप्पर आहे, सर आली की बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे वह्या मिटून गप्पा मारतात. मी तेवढा वेळ हिशेब करत बसते, तुमच्याकडचा ओढा किती वेळात फुगेल, हातभर पाणी चढायला किती दिवस लागतील. काल बाईंनी मला दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही. रोपवाटिकेवाली म्हणाली, "भावाचे कान तुम्हीच आणलेत वाटतं."

प्रवेशाच्या अर्जासोबत "स्वतः केलेलं चांगलं काम" म्हणून मी आपल्याच बंधाऱ्याचे फोटो जोडले होते. बाईंना ते आवडलेत. कामं मांडायच्या पहिल्या दिवशीच्या यादीत त्यांनी माझं नाव सगळ्यांत वर घातलंय.

ढेकळं कपाटात आहेत, बनियनसकट. अजून पाण्यात टाकली नाहीत. आज टाकते, उद्या टाकते असं चाललंय.

मावशीकडे जायचं तेवढं मनावर घे.

तुझी,
धाकटी


दि. १४ सप्टेंबर, दुपार

दादा,

या पत्राला मायना वगैरे काही नाही. थेट सांगते, नाहीतर पुन्हा रोपवाटिकेवालीच्या कपांवर जाईन.

आज सकाळी सगळे माळावर गेले तेव्हा डोकं दुखतंय सांगून मी खोलीत थांबले. दोन ग्लास घेतले. एकात इथल्या बोअरचं पाणी घेतलं, ते खारट आहे. दुसऱ्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेतलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते. तुझ्या बनियनमधलं एकेक ढेकूळ दोन्हींत सोडलं. खारट पाण्यातलं ढेकूळ थोडं खचलं आणि तसंच बसून राहिलं, पाणी स्वच्छ. शुद्ध पाण्यातल्या ढेकळाभोवती आधी पातळ धूर दिसायला लागला. मग तो वर चढला. दहा मिनिटांत सगळा ग्लास दुधाळ झाला आणि ढेकूळ दिसेनासं झालं. मी ग्लास ओतून, धुऊन, पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

आपली माती तसली आहे दादा. चिकण दिसते, हाताला लोण्यासारखी लागते, पण गोड्या पाण्यात विरघळते. खारट पाणी तिला धरून ठेवतं. म्हणून तपासताना शुद्धच पाणी घ्यायचं असतं. आणि बंधाऱ्यात साठतंय ते पावसाचं पाणी आहे. पावसाच्या पाण्याएवढं गोडं दुसरं काय असतं?

तपासणीचा दिवस तुला आठवत असेल. तुझ्या विहिरीजवळ मी पेटी उघडली. पेटीत शुद्ध पाण्याची बाटली होती, ती रिकामी. येताना जीप बंद पडली होती तेव्हा ड्रायव्हरने "बाई, वापरू का?" विचारून ती बॅटरीत ओतली होती आणि मीच "वापरा" म्हणाले होते. आता ऑफिसला परत जायचं तर अख्खा दिवस गेला असता. तू म्हणालास, "पाणीच हवंय ना? विहीर काय आटलीय का?" आणि कळशी आणलीस. ज्या विहिरीच्या पाण्याचा चहा पाहुण्यांना द्यायला वहिनी लाजते, त्या खारट विहिरीचं.

नियम मला पाठ होता. शुद्ध पाणीच का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. पाणी ते पाणी, असं वाटलं. ढेकूळ बसून राहिलं, पाणी स्वच्छ राहिलं. मी कागदावर लिहिलं, "शुद्ध पाण्यात चाचणी घेतली. माती भरावास योग्य." पहिलं वाक्य खोटं आहे हे लिहितानाही मला माहीत होतं. दुसरं खरंच असेल अशी माझी खात्री होती. तू तो ग्लास उचलून घरोघर दाखवत फिरलास. तोवर लोक कुरकुरत होते, त्यानंतर कोणी बोललं नाही. आणि तू पायथ्याशी नवी खोली बांधलीस, पाण्याजवळ बरं म्हणून. मी तेव्हा हसले होते. मला फार बरं वाटलं होतं रे.

आता राहिलेलं सांगते. हे मला आज नाही कळलं. पाच तारखेला बाईंनी वर्गात ते दोन ग्लास ठेवले तेव्हाच कळलं. मळमळ प्रवासाची नव्हती. सिमेंटच्या ओलीबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत, ते मी रचलं. नऊ दिवस मला माहीत आहे आणि नऊ दिवस मी तुला वाटीत पाणी बघायला सांगते आहे.

वहिनीला फोन करायला कितीदा फोन हातात घेतला. "घर सोडा" एवढं म्हणायचं होतं. पण ती लगेच विचारणार, "का?" आणि त्यानंतर विचारणार, "तुम्हाला कधी कळलं?" या दुसऱ्या प्रश्नाची मला भीती वाटते. नोकरीचीही वाटते, खोटं कशाला बोलू? खोटी नोंद केली म्हणून मला काढतील. यादीतलं सगळ्यांत वरचं नाव, आणि त्यावर काट. पण नोकरीपेक्षाही तुझं तोंड डोळ्यांसमोर येतं. सगळ्यांना सांगत फिरणारा तू.

पाणी नितळ आहे असं तू लिहिलं होतंस, त्यावर मी आजवर तग धरला. अजून वेळ आहे असं मनाला सांगते आहे. हे पत्र उद्या सकाळी गाडीत देईन. परवा तुला मिळेल.


दि. १५ सप्टेंबर, सकाळ

दादा,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. चष्मा आणायला घरी जाऊ नकोस.

कालचं लांबलचक पत्र माझ्याकडेच आहे, दिलं नाही. ते नंतर वाच. आज डेअरीच्या गाडीने तुझी चिठ्ठी आली. काल सकाळी वाटीतलं पाणी दूध घातलेल्या चहासारखं होतं, पावसाने माती धुऊन येत असेल, असं तू लिहिलंयस. पायथ्याशी उंदराचं बीळ पडलंय, चिमणीने त्यात काठी घातली तर सगळी आत गेली, असंही लिहिलंयस.

ते उंदराचं बीळ नाही. बंधारा आतून वाहून चाललाय. बाहेरून तो तुला धडधाकट दिसेल, शेवटच्या घटकेपर्यंत दिसेल. मग एकदम जाईल.

चिठ्ठी हातात घेऊन मी वर्गात गेले आणि भर वर्गात, एकवीस माणसांसमोर सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, खोटी नोंद, दहा दिवस गप्प बसणं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "खाली माणसं किती आहेत?" मी म्हणाले, तीन घरं, त्यातलं पहिलं माझ्या भावाचं. त्यांनी तिथूनच फोन लावले. खात्याची गाडी निघाली आहे. पोचायला दोन तास लागतील.

मग मी वहिनीला फोन केला. तिने "का" विचारलं नाही. माझा आवाज ऐकला आणि चिमणीला काखेत मारून निघाली, खालच्या दोन्ही घरांना हाका मारून उठवलं, सगळे वर शाळेत पोचलेत. तू तेवढा गेला नाहीस. तू उलटा बंधाऱ्यावर चढलास आणि बसलास. ती खुणा करून थकली. तू म्हणालास म्हणे, "माझ्या बहिणीने तपासलंय. तिची सही आहे. फोनवर कोणीतरी तुला घाबरवलंय."

फोनवरचं तुला पटणार नाही, म्हणून हे लिहिलं. याचा फोटो वहिनीच्या फोनवर पाठवते आहे. ती उजवीकडच्या कातळावर उभी राहील. बंधाऱ्यावर एक पाऊलही टाकणार नाही, मी तिच्याकडून शपथ घेतली आहे. बहिणीचं पत्र आलंय एवढंच ती हातवारे करून सांगेल. वाचायला तुलाच तिच्याकडे यावं लागेल.

म्हणजे हे वाचतो आहेस तर आता तू कातळावर आहेस. तिथेच थांब.

मागे फिरू नकोस. मोरीचं चाक फिरवून पाणी सोडायला जाऊ नकोस, ते गाडीतली माणसं बघतील. वासरू पायथ्याला बांधलेलं आहे, मला माहीत आहे, तुझं लक्ष तिकडेच असणार. तरी जाऊ नकोस. वहिनीने तुझा हात धरला असेल. तो झटकू नकोस.

तू लोकांना जे जे सांगितलंस ते माझ्या शब्दावर सांगितलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही. ते सगळं मी येऊन एकेकाच्या दारात सांगेन. तू मला दारात घेतलं नाहीस तरी चालेल. बोलला नाहीस तरी चालेल. पण बोलायला, न बोलायला तू असायला हवास रे दादा.

मी फोन कानाला लावून व्हरांड्यात उभी आहे. वाचून झालं की वहिनीकडे बघून मान हलव आणि शाळेकडे चालायला लाग. ती मला सांगेल.

त्या कागदावरची सही माझीच आहे आणि ती खोटी आहे. ही खालचीही माझीच आहे. हिच्यावर विश्वास ठेव.

तुझी धाकटी